मुलाखतीचा प्रवास : आधी आखणी, मग तिकीट
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आपल्या समाजातील मुलेमुली आज एम.बी.बी.एस. होऊन अमेरिकेत निवासी डॉक्टर होण्याची उमेद बाळगतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परीक्षेची तयारी त्यांना कोणी शिकवावी लागत नाही. मुलाखतीच्या प्रवासाची तयारी मात्र कोणीच शिकवत नाही. म्हणून त्याविषयी चार शब्द.

आधी माझी चूक सांगतो. अब्बांनी कलमांची बाग गहाण ठेवून मला पाठवले होते. चार डॉलर वाचावेत म्हणून मी मुलाखतीच्या आदल्या रात्रीच्या शेवटच्या विमानाचे तिकीट काढले. बर्फ पडले, विमान रद्द झाले. समोर टेलिफोन होता, खिशात नाणी होती. पण एवढ्या मोठ्या डॉक्टरांना काय सांगावे, या संकोचाने मी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचलो, तेव्हा मुलाखती आटोपल्या होत्या. कार्यालयातील बाई म्हणाल्या, "काल कळवले असते तर दुसरा दिवस दिला असता." त्या वर्षी माझी कोठेच निवड झाली नाही. बाग सोडवायला आणखी तीन वर्षे लागली. बर्फापेक्षा माझ्या संकोचानेच माझे जास्त नुकसान केले.

आता काळ बदलला आहे. २०२० च्या साथीपासून बहुतेक मुलाखती संगणकाच्या पडद्यावर होतात. तेव्हा प्रथम निमंत्रण नीट वाचा. मुलाखत घरूनच द्यायची असेल, तर वेळेचा हिशेब करा. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले सायंकाळचे साडेसात. पण तिकडे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात. त्यापूर्वी तेच नऊ आपल्याकडे साडेसहाला वाजतात. कॅलिफोर्नियाचे नऊ तर हिवाळ्यात आपल्या रात्रीच्या साडेदहाला! शिवाय अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी येतो. ११/१२ म्हणजे १२ नोव्हेंबर, ११ डिसेंबर नव्हे.

प्रत्यक्ष बोलावले असेल तर पासपोर्टची मुदत तपासा आणि व्हिसासाठी लवकर अर्ज करा. व्हिसा हाती येण्याआधी परत न होणारे तिकीट काढू नका. मुलाखतींचा मोसम साधारण ऑक्टोबर ते जानेवारी. नकाशा पुढे घेऊन जवळजवळची शहरे एकत्र बांधा. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, वॉशिंग्टन ही एकाच रेल्वेमार्गावर आहेत. तेथे विमानाची गरज नाही. शिकागो किंवा डेट्रॉइटला जायचे तर हिवाळ्यात एक दिवस हाताशी ठेवा. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी तेथे मोठा सण असतो. त्या आठवड्यात गाड्या-विमाने भरलेली व भाडी चढलेली असतात.

सूट, बूट व कागदपत्रे हातातल्या पिशवीतच ठेवा. मोठी बॅग मागे राहू शकते. जेवणात हलाल नसेल, तर शाकाहारी हवे म्हणून आधीच कळवा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. आणि उशीर होणार असे दिसताच, त्याच क्षणी कळवा.

पालकांना एकच विनंती. मुलगी एकटी कशी जाईल, या काळजीपोटी निमंत्रण परत पाठवू नका. तिच्याबरोबर बसून आखणी करा. प्रत्येक मुक्कामाचा पत्ता, फोन व गाडीची वेळ एका कागदावर लिहा. एक प्रत तिच्याजवळ, एक घरी. तुमची काळजीही हलकी होईल आणि तिचा आत्मविश्वासही वाढेल.

निकाल मार्चमध्ये लागतो आणि तो आपल्या हाती नाही. पण वेळेवर दाराशी उभे राहणे आपल्या हाती आहे. तेवढे तरी चुकू नये.