जर्मनीतील नाताळ आणि आपला माणूस
(धाराशिव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परदेशात राहून आलेल्या माणसाला बोलायला उभे केले की तो तिथले रस्ते, तिथली शिस्त आणि तिथला पगार यांवर बोलतो. ते आपण पुष्कळ ऐकले आहे. आम्ही नोकरीनिमित्त काही वर्षे दक्षिण जर्मनीत राहिलो. आज आम्ही फक्त डिसेंबर महिन्याबद्दल बोलणार आहोत. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. तेव्हापासून नर्सिंग, आय.टी.आय. केलेली आपली मुलेही जर्मन भाषेच्या क्लासची चौकशी करताना दिसतात. मुलगा तिकडे गेला तर काम शिकेल, यात शंका नाही. परंतु तो तिथे रमणार की बॅग भरून परत येणार, हे बहुधा पहिल्या डिसेंबरात ठरते, असे आमचे मत झाले आहे.

त्या दिवसांत स्टुटगार्टसारख्या शहरात सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी साडेचारच्या सुमारास मावळतो. माणूस अंधारात कामावर जातो व अंधारातच परत येतो. खोलीवर येऊन संध्याकाळी सात वाजता घरी फोन लावावा, तर इथे साडेअकरा झालेले असतात आणि आई झोपलेली असते.

आता आपली येळवस आठवा. त्या दिवशी धाराशिव काय, लातूर काय, बाजारपेठ ओस पडते, कारण सारा गाव शेतात गेलेला असतो. पण बांधावरून जाणारा वाटसरू उपाशी जात नाही. ओळख असो वा नसो, "या, भज्जी-आंबील घ्या" अशी हाक येतेच. (ही हाक सर्वांना सारखीच येत होती, असे मात्र आमचे आजोबा सांगत नसत.) जर्मनीत 24 डिसेंबरला गाव असेच ओस पडते. दुपारी दोनच्या सुमारास दुकाने बंद होतात, बस-गाड्या कमी होतात; 25 आणि 26 ला सरकारी सुट्टी. मात्र तिथे रस्त्यावरून जाणाऱ्याला कोणी हाक मारीत नाही. याचा अर्थ माणसे निष्ठुर आहेत असा नव्हे. ती संध्याकाळ त्यांच्या घरची, अगदी सख्ख्या माणसांची असते. हे आधी कोणी सांगितले नाही म्हणजे आपला मुलगा खिडकीशी बसून समजतो की, आपल्याला वगळले.

म्हणून सांगतो, ओळखी करण्याचा काळ 24 तारखेचा नाही, त्याआधीच्या चार आठवड्यांचा आहे. त्याला ते अॅडव्हेंट म्हणतात. घरोघरी हिरव्या फांद्यांच्या कड्यावर चार मेणबत्त्या असतात आणि दर रविवारी एक जास्त पेटवतात. या प्रथेचा उगम समजला तेव्हा आम्हास फार बरे वाटले. हॅम्बुर्ग येथे योहान हिनरिश विचर्न नावाच्या पाद्र्याने 1833 मध्ये गरीब व निराधार मुलांसाठी आश्रम काढला होता. नाताळ कधी येणार, असे मुले सारखी विचारीत. तेव्हा 1839 मध्ये त्याने एका लाकडी चाकावर मेणबत्त्या बसविल्या. रविवारच्या मोठ्या, इतर दिवसांच्या लहान. रोज एक पेटवायची आणि उरलेल्या मोजायच्या. आज श्रीमंतांच्या दिवाणखान्यात दिसणारे ते कडे मूळचे अनाथ पोरांच्या वसतिगृहातले आहे. वसतिगृहात राहून शिकलेल्या आमच्यासारख्यांना ते परके कसे वाटावे?

या चार आठवड्यांत चौकाचौकांत नाताळचा बाजार भरतो. ड्रेस्डेनचा बाजार 1434 पासूनचा आहे. काम सुटले की सहकारी तिथे उभ्याउभ्या मसाल्याची गरम वाईन पितात. "येतोस का?" असे एकदाच विचारतात. आपण संकोचाने "नको" म्हटले तर ते खरेच मानतात. आपल्यासारखा आग्रह नाही. म्हणून पहिल्याच वेळी हो म्हणावे. पंचशील पाळणाऱ्याने चिंता करू नये, त्याच दुकानात मुलांसाठी फळांच्या रसाचे गरम पेय मिळते. कपाचे डिपॉझिट घेतात. कप परत केला की पैसे परत. आम्ही कितीतरी संध्याकाळी असा रस घेऊन उभे राहिलो. त्या थंडीत हातात गरम कप असला की मोडकीतोडकी जर्मनही बरी चालते.

6 डिसेंबरला तिथे संत निकोलसचा दिवस असतो. आदल्या रात्री मुले बूट दाराशी ठेवतात आणि सकाळी त्यात अक्रोड, संत्री, चॉकलेट सापडते. एका वर्षी आमच्या खात्यातील एका वयस्कर बाईंनी सर्वांच्या टेबलावर अशी संत्री ठेवली. आम्ही त्या दिवशी गप्प होतो. त्यांनी कारण विचारले. आम्ही महापरिनिर्वाण दिनाविषयी सांगितले. बाबासाहेबांनी 1921 मध्ये बॉन विद्यापीठात नाव नोंदविले होते आणि त्यांना जर्मन येत होते, हे ऐकून त्या खुर्ची ओढून बसल्या. चैत्यभूमीवर किती लोक येतात, कशासाठी येतात, तिथे पुस्तके का विकली जातात, सगळे विचारले. आठवड्याने त्यांनी घरी बोलावले. 24 ला नव्हे, 26 ला, दुपारी तीन वाजता. तीन म्हणजे तीन. आम्ही गुलाबजामून करून नेले. धाराशिवच्या गुलाबजामूनची सर त्याला नव्हती, तरी त्यांच्या नातवाने पाच खाल्ले.

आपल्या लोकांबद्दलही बोलले पाहिजे. म्युनिक, फ्रँकफर्ट, बर्लिन येथे मराठी माणसे एकत्र येतात, सण करतात. नवख्याने जरूर जावे, पुरणपोळीची चव आणि घर शोधायला मदत, दोन्ही मिळतात. परंतु एखाद्या घरी चहा घेताना "आडनाव काय? मूळचे कुठले?" हा प्रश्न तिथेही येतो, आणि उत्तरानंतर काही चेहरे थोडे बदलतात. आम्ही ते पाहिले आहे. मुलांनी आडनाव लपवू नये, आणि एका चेहऱ्यावरून सगळ्यांना तोलूही नये. त्याच शहरात आम्हाला तापात आठ दिवस डबा देणारे कुटुंबही अशाच एका चहाच्या वेळी भेटले.

24 तारखेची तयारी मात्र आधी करावी. तीन दिवसांचे किराणा-दूध 23 लाच आणून ठेवावे. सुट्टीत ड्यूटी मागून घ्यावी. दवाखान्यात, हॉटेलात माणसे हवीच असतात आणि ज्यांना लेकरेबाळे आहेत ते आपले उपकार विसरत नाहीत. अनेक शहरांत चर्च व सेवाभावी संस्था त्या संध्याकाळी एकट्या माणसांना जेवायला बोलावतात. तिथे धर्म विचारीत नाहीत. जेवायला जाण्यात कमीपणा वाटत असेल तर वाढायला जावे. मन फारच खचले तर जर्मनीत 1956 पासून चालत आलेली टेलिफोन-सेवा आहे. रात्रंदिवस, मोफत, नाव न सांगता बोलता येते. ती मुख्यतः जर्मन भाषेत चालते, म्हणून भाषा केवळ व्हिसापुरती शिकू नये.

शेवटी पालकांसाठी. पगार किती पाठविला, हा प्रश्न त्या आठवड्यात विचारू नका. तिकडे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा इथे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. 24 डिसेंबरला तेवढे जागे राहा आणि फोन तुम्ही लावा.