आता सोडून काय उपयोग?
(मद्यपान आणि यकृताचा कर्करोग या विषयावरील भाषण)



कोल्हापूर जिल्ह्याचे वैभव उसावर उभे आहे. पंचगंगेच्या खोऱ्यात पिकणाऱ्या उसापासून गूळ होतो, साखर होते आणि साखर काढून घेतल्यावर उरणाऱ्या मळीपासून मद्यार्क तयार होतो. हा मद्यार्क औषधनिर्मितीला लागतो. अलीकडे इथेनॉल या नावाने तो पेट्रोलमध्येही मिसळला जातो. तोच पिण्यासाठी बाटलीत भरला म्हणजे त्यास दारू म्हणतात. हे द्रव्य माणसाच्या शरीरात गेल्यावर काय करते आणि विशेषतः यकृताच्या कर्करोगाची वाटचाल त्यामुळे कशी बदलते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

दारू सोडण्याचा सल्ला दिला असता खेड्यापाड्यांत दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. प्रकृती धडधाकट असेतोवर उत्तर मिळते, “मला काही होत नाही.” आजार जडल्यावर तोच माणूस म्हणतो, “आता सोडून काय उपयोग?” पहिले उत्तर अज्ञानाचे आहे, दुसरे निराशेचे. दुसरे अधिक घातक म्हटले पाहिजे. कारण त्या निराशेत घरची माणसेही सामील होतात आणि “राहिलेत चार दिवस, पिऊ दे” असे म्हणून हात टेकतात. वैद्यकशास्त्राने मात्र या दोन्ही उत्तरांना आधार दिलेला नाही.

यकृतावर काय ओढवते?

उजव्या बरगड्यांच्या आड असलेले, सुमारे दीड किलो वजनाचे यकृत हे शरीराचे मोठे कोठार आणि कारखाना होय. अन्नरसावर प्रक्रिया करणे, रक्त गोठण्यास लागणारी द्रव्ये तयार करणे, विषारी पदार्थांचा निचरा करणे ही कामे ते अहोरात्र करीत असते. प्यालेल्या मद्यार्काचा बहुतेक भाग यकृतातच विघटित होतो. या क्रियेत ॲसिटाल्डिहाइड नावाचे द्रव्य निर्माण होते. ते पेशीतील आनुवंशिक घटकांना इजा करते आणि त्यांच्या दुरुस्तीतही अडथळा आणते.

नित्याच्या मद्यपानाने प्रथम यकृतात चरबी साठते. पुढे काहींच्या यकृतास सूज येते. वर्षानुवर्षे हेच चालू राहिले तर मऊ पेशीजालाच्या जागी चिवट तंतू निर्माण होऊन यकृत गाठाळ व कठीण बनते. यासच सिरोसिस म्हणतात. अतिमद्यपान करणाऱ्या प्रत्येकास सिरोसिस होतो असे नाही. शंभरांतील सुमारे दहा ते वीस जणांना तो होतो. परंतु तो झाला की त्यांपैकी दर शंभरांत वर्षाला साधारण एक ते तीन जणांच्या यकृतात कर्करोग उद्भवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याची गणना निश्चित कर्ककारक पदार्थांत केली. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे या संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

देशी दारू वाईट आणि विलायती चांगली, हा समजही टाकून दिला पाहिजे. शेकडा ४२.८ प्रमाणाची १८० मिलिलिटर दारू, मग ती कोणत्याही नावाची असो, शरीरात सुमारे ६० ग्रॅम मद्यार्क सोडते. यकृत बाटलीवरचे चित्र पाहत नाही. कोल्हापूर ही तालमींची नगरी आहे; येथे कसलेल्या शरीराचा अभिमान वाटणे साहजिक आहे. तथापि जोर-बैठकांनी यकृतास कवच चढत नाही, हेही तितकेच खरे.

हिपॅटायटिस ‘बी’ वा ‘सी’ या विषाणूंची बाधा, मधुमेह आणि अतिस्थूलता यांनीही यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. त्यांच्या जोडीला मद्यपान आले की तो अनेक पटींनी वाढतो.

उशिरा दिसणारी लक्षणे

यकृताचा बराचसा भाग निकामी होईपर्यंत उरलेला भाग काम रेटून नेतो. म्हणून “मला काही होत नाही” हे वाक्य वर्षानुवर्षे खरे वाटते. वजन घटणे, उजव्या कुशीत दुखणे, पोटात पाणी होणे, पायांवर सूज, रक्ताची उलटी किंवा कावीळ ही लक्षणे बहुधा आजार पुढे गेल्यावरच दिसतात.

काविळीविषयी येथे अधिक सांगणे आवश्यक आहे. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली होती. त्यामुळे कावीळ म्हणजे पाण्याचा आजार, असे या भागातील पुष्कळांच्या मनात बसले आहे. पाण्यातून पसरणारी कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांनी उतरते. नित्य दारू पिणाऱ्याची कावीळ मात्र यकृत थकल्याची खूण असू शकते. अशा वेळी नाकात औषध घालून घेण्यात किंवा झाडपाल्याच्या उपचारांत दिवस घालविणे म्हणजे उपचाराची वेळ दवडणे होय.

एका अवयवात दोन आजार

यकृताचा कर्करोग इतर अनेक कर्करोगांहून एका बाबतीत वेगळा आहे. या रुग्णाच्या शरीरात बहुधा दोन आजार एकत्र नांदत असतात: एक कर्करोगाची गाठ आणि दुसरा, ज्या यकृतात ती गाठ वाढते त्याचा दुबळेपणा. डॉक्टर उपचार ठरविताना गाठीचा आकार व संख्या पाहतात आणि उरलेले यकृत किती काम करते हेही तितक्याच बारकाईने पाहतात. शस्त्रक्रियेने गाठ काढणे, उष्णतेने ती जाळणे, तिचा रक्तपुरवठा तोडणे किंवा औषधे देणे, यांपैकी काहीही सोसण्यासाठी यकृतात बळ लागते. ते बळ नसेल तर लहान गाठीवरही उपचार करता येत नाहीत.

निदानानंतर दारू सोडण्याचा उपयोग नेमका येथे आहे. दारू सोडल्याने गाठ विरघळत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु दुसऱ्या आजाराला मिळणारे खतपाणी थांबते. अनेक रुग्णांत काही महिन्यांत यकृताचे कार्य सुधारते, पोटातील पाणी कमी होते आणि जे उपचार आधी अशक्य होते ते शक्य होऊ शकतात. उलट पिणे चालूच राहिले तर रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि यकृत बंद पडणे यांचा धोका वाढतो. पुष्कळदा गाठीच्या आधी यकृतच रुग्णाचा घात करते. यकृत प्रत्यारोपणाचा विचारही सामान्यतः मद्यत्यागाशिवाय होत नाही.

कर्करोग होण्याच्या आधीच्या टप्प्यांवर तर लाभ याहून मोठा आहे. केवळ चरबी साठलेली असेल तर मद्य सोडल्यावर काही आठवड्यांत यकृत बहुधा पूर्ववत होते. सिरोसिस पूर्णपणे मागे फिरत नाही, पण त्याची वाढ रोखता येते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित अभ्यासाचा निष्कर्ष असा की, मद्य सोडल्यानंतर यकृताच्या कर्करोगाचा धोका दरवर्षी सुमारे सहा ते सात टक्क्यांनी उतरतो. उतरण सावकाश आहे. म्हणून सिरोसिसच्या रुग्णाने दारू सोडल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घेणे अगत्याचे आहे. गाठ लहान असताना सापडली तरच ती समूळ काढण्याची आशा असते.

गावाने काय करावे?

एक सावधगिरी प्रथम सांगितली पाहिजे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास हातपाय थरथरणे, झटके, भ्रम असे विकार उद्भवतात आणि प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून कोंडून ठेवून वा शपथ घालून दारू सोडविण्याऐवजी रुग्णास प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात दाखवावे व वैद्यकीय देखरेखीखाली ती सोडवावी. व्यसन हा उपचारयोग्य आजार आहे, हे पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण केंद्राच्या कार्याने महाराष्ट्रास पटवून दिले आहे. व्यसनमुक्तीच्या मार्गदर्शनासाठी १४४४६ हा निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. कर्करोगावरील अनेक उपचारांचा समावेश महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असल्याने खर्चाच्या भीतीने तपासणी टाळू नये.

शिक्षकांनी यकृताचा धडा शिकविताना हा विषय मुलांसमोर ठेवावा; मात्र कोणाच्या वडिलांचा उल्लेख होऊन मूल खाली मान घालील असे बोलू नये. बालकांना हिपॅटायटिस ‘बी’ची लस वेळेवर मिळते की नाही, याकडे ग्रामसेवक व आशा कार्यकर्त्यांनी लक्ष द्यावे. गावातील दारूचे दुकान बंद व्हावे असे वाटत असेल तर त्यासाठी महिलांच्या मतदानाची वाट खुली आहे. आडव्या बाटलीला मत देऊन महाराष्ट्रातील अनेक गावांनी दुकाने बंद पाडली आहेत.

ग्रामसभेच्या शब्दाला किती वजन असते, हे शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने दाखवून दिले. मे २०२२ मध्ये या गावाने विधवांसंबंधीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने त्याचा कित्ता इतर गावांपुढे ठेवला. पतीच्या निधनानंतर स्त्रीचा सन्मान राखणारा जिल्हा तो पती अकाली जाऊ नये यासाठीही पुढाकार घेऊ शकेल.

त्यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. यापुढे एखादा आजारी माणूस “आता सोडून काय उपयोग?” असे विचारील, तेव्हा सरपंचांनी, गुरुजींनी किंवा आरोग्यसेविकेने त्याच्याजवळ बसून एवढेच सांगावे की, उपयोग आहे, आज सोडली तर उद्याच्या उपचाराला यकृताची साथ मिळेल. आणि त्याच दिवशी त्याच्यासोबत दवाखान्याची वाट धरावी.