सेवासंस्था आणि लोकसंवाद



आजचा विषय वाचून काहींच्या मनात आले असेल की, जिनीव्हा-न्यूयॉर्कच्या संस्था जगाशी कशा बोलतात, याच्याशी आपल्या गावाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. कोठे भूकंप झाला की मदतीचे आवाहन आपल्या फोनवर येते. तेव्हा आपण देणारे असतो. साथ आली की लस घेऊन कोणी तरी आपल्या दारी येते. तेव्हा आपण घेणारे असतो. सेवासंस्थेला ही दोन्ही माणसे सांभाळावी लागतात. परंतु दीडशे वर्षे या संस्था मुख्यतः देणाऱ्याशीच बोलत आल्या. घेणाऱ्याचे ऐकावयास त्या अलीकडे शिकू लागल्या आहेत, आणि हा धडा त्यांना फार महाग पडला आहे. एवढेच मला आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

आरंभ एका पुस्तकापासून करू. १८५९ च्या जूनमध्ये इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली. आंरी द्यूनां नावाच्या स्विस व्यापाऱ्याने तेथील जखमींचे हाल पाहिले आणि १८६२ साली ते पुस्तकात लिहिले. स्वखर्चाने सोळाशे प्रती छापून त्याने त्या युरोपातील राजेरजवाडे आणि मुत्सद्दी यांच्याकडे धाडल्या. दुसऱ्याच वर्षी रेडक्रॉसची स्थापना झाली. लेखणीने केवढे काम केले पाहा! मात्र त्या प्रती ज्यांच्या हाती पडल्या ते समर्थ लोक होते. जखमी शिपाई हा पुस्तकाचा विषय होता, वाचक नव्हता.

पुढे लेखणीच्या जागी कॅमेरा आला, तरी ही रीत बदलली नाही. १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये इथिओपियातील दुष्काळाची दृश्ये बी.बी.सी.ने दाखविली आणि युरोप-अमेरिका हलून गेली. १३ जुलै १९८५ रोजी लंडन आणि फिलाडेल्फिया येथे झालेल्या गायनाच्या जलशांतून कोट्यवधींचा निधी उभा राहिला. पैसा मिळाला, धान्य पोहोचले. हे पुण्य लहान नव्हे. पण हाडे निघालेले, माश्या बसलेले निनावी मूल म्हणजेच आफ्रिका, अशी एक समजूतही घरोघर पोहोचली. त्या मुलाच्या आईला कोणी विचारले होते काय? हा प्रश्न खुद्द संस्थांनाच टोचू लागला, आणि १९८९ साली युरोपातील स्वयंसेवी संस्थांनी चित्रे व संदेश यांविषयी एक आचारसंहिता स्वीकारली. माणसाला दयेची वस्तू करून दाखवू नये, हे तिचे सार होय.

तथापि खरा धडा चित्रांनी दिला नाही. तो साथींनी दिला. प्रथम आपल्याच देशातले उदाहरण घेऊ. २००२ साली भारतात पोलिओचे १,६०० रुग्ण आढळले; त्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात होते. लस फुकट होती, पथके दारोदार जात होती, अमिताभ बच्चन यांच्यासारखा आवाज देशभर घुमत होता. तरी पश्चिम उत्तर प्रदेशातील अनेक घरांची दारे उघडत नव्हती. या थेंबांनी मुले पुढे वांझ होतील, अशी अफवा होती. पण केवळ अफवा म्हणून हात झटकणे सोपे असते. लोकांचा दुसरा प्रश्न बिनतोड होता : आमच्याकडे धड पाणी नाही, गटार नाही, दवाखान्यात औषध नाही, मग या दोन थेंबांसाठीच तुम्ही पुन्हा पुन्हा का येता?

या प्रश्नाला जाहिरातीत उत्तर नव्हते. युनिसेफ आणि तिच्या सहकारी संस्थांनी त्याच मोहल्ल्यातील हजारो बायकांना या कामासाठी नेमले. त्या प्रत्येक घराची वही ठेवीत, बाळंतिणीची विचारपूस करीत, नकार ऐकून घेत आणि पुन्हा जात. धर्मगुरूंशी बोलणी झाली. मशिदींवरून घोषणा होऊ लागल्या. पुढे उत्तर प्रदेश व बिहारच्या १०७ विकासखंडांत स्वच्छता, अतिसार आणि स्तनपान यांचीही जोड कामाला मिळाली. म्हणजे लोकांच्या तक्रारीने कार्यक्रमच बदलला. १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळलेला रुग्ण हा नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातील शेवटचा. याचे सारे श्रेय संवादाला देता येणार नाही. २०१० साली आलेल्या सुधारित लसीचाही त्यात मोठा वाटा आहे. पण बंद दारामागे उत्तम लसही निरुपयोगी असते.

दुसरे उदाहरण पश्चिम आफ्रिकेचे. २०१४ ते २०१६ या काळात गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांत इबोलाने अकरा हजारांवर बळी घेतले. आरंभी फलकांवर लिहिले गेले की, या रोगाला औषध नाही. वाक्य खरे होते. परिणाम उलटा झाला. औषधच नाही, तर दवाखान्यात जाऊन मरावयाचे कशाला, असे म्हणून लोकांनी रोगी घरात लपविले. प्रेताला स्नान घातल्याने रोग पसरत होता. पण अनोळखी माणसांनी प्रेत पिशवीत घालून न्यावे, हे कोणत्या घराला सोसेल? अखेर धर्मगुरू आणि मानववंशशास्त्रज्ञ यांना बरोबर घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरक्षित आणि सन्मानपूर्वक अंत्यविधीची पद्धत ठरविली. घरच्यांना विचारावे, प्रार्थनेस अवसर द्यावा, मुसलमानांसाठी पाण्याऐवजी कोरडी शुद्धी करावी, असे तिच्यात आहे.

महाराष्ट्राला हे नवे वाटू नये. १८९७ च्या प्लेगात पुण्यात गोरे सोजिर घरझडतीसाठी माजघरात आणि देवघरात शिरले, ती हकीकत आपण जाणतो. रोग खरा होता, बंदोबस्ताची गरजही खरी होती. परंतु ज्यांच्यासाठी बंदोबस्त, त्यांच्याशी बोलण्याची रीत सोजिराच्या बुटाची होती. लोकांना रोगापेक्षा उपायाचेच भय अधिक वाटू लागले.

आज साधने अफाट वाढली आहेत. २०११ साली युगांडात युनिसेफने फुकट संदेशांची योजना काढली. तरुणांना फोनवर प्रश्न विचारावयाचे आणि त्यांची उत्तरे लोकप्रतिनिधींपुढे ठेवावयाची. २०१४ साली मदतसंस्थांनी स्वीकारलेल्या मानदंडात आपत्तिग्रस्तांच्या तक्रारींना स्थान मिळाले. हे सर्व स्वागतार्ह आहे. पण तक्रारपेटी टांगली म्हणजे तक्रार ऐकली असे होत नाही. तिची किल्ली कोणाकडे आहे, हे पाहावे लागते. उलट बाजूस, २०२० च्या कोरोनाकाळात माहितीचीच साथ पसरली. आता तर यंत्र एका क्षणात उपाशी मुलाचे चित्र रचते, आणि ते मूल जगात कोठेच नसते! २०२५ पासून मोठ्या देशांनी परदेशी मदतीला कात्री लावल्यामुळे संस्था अडचणीत आहेत. अशा वेळी जुन्या करुण चित्राकडे वळण्याचा मोह त्यांना होणारच.

तो मोह आवरणे काही अंशी आपल्या हाती आहे. संस्थेचे आवाहन आले की, जमा किती आणि खर्च किती, हे आपण विचारतो. ते विचारलेच पाहिजे. त्याला आणखी एका प्रश्नाची जोड द्या : ज्यांना मदत दिली, ते काय म्हणाले, आणि त्यांच्या म्हणण्यावरून तुम्ही काय बदललेत? हाच प्रश्न आपल्या गावच्या वाचनालयाला, अनाथाश्रमाला आणि पूरनिधीच्या समितीलाही विचारावयास हरकत नाही. उत्तर देताना जी संस्था अडखळत नाही, तिला निर्धास्तपणे हात सैल सोडून द्या.