दुधातील प्रतिजैविकांचा प्रकाशाने शोध

दुभत्या जनावरास कासदाह झाला म्हणजे बहुधा प्रतिजैविक औषध द्यावे लागते. त्याचा अंश काही दिवस दुधात उतरतो. दूध तापविल्याने तो पूर्णपणे नाहीसा होत नाही. अशा दुधाला विरजण नीट लागत नाही. शिवाय अल्प मात्रा वारंवार पोटात गेल्यास रोगजंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका संभवतो.

हा अंश डोळ्यांना वा जिभेला कळत नाही. प्रकाश मात्र त्याचा माग काढू शकतो. टेट्रासायक्लीन वर्गातील औषधे अतिनील किरण शोषून पिवळसर प्रकाश बाहेर टाकतात. या गुणधर्मास प्रतिदीप्ती म्हणतात. अडचण अशी, की दुधातील रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्वही असेच उजळते. म्हणून दुधाच्या अर्कात युरोपियम या धातूचा क्षार मिसळतात. टेट्रासायक्लीनशी संयोग पावलेले युरोपियम तांबडा प्रकाश देते आणि तो दुधाच्या स्वतःच्या उजेडापेक्षा हजारो पटींनी अधिक काळ टिकतो. तो उजेड मावळताच उरलेला तांबडा प्रकाश मोजून औषधाचे प्रमाण ठरविले जाते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनुसार या वर्गातील प्रमुख औषधांची दुधातील कमाल मर्यादा लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहा हजारावा भाग, इतकी आहे.

पेनिसिलीन असे उजळत नाही. त्यासाठी निराळी चाचणी लागते. शिवाय यंत्र दोष दाखविते, टाळीत नाही. पशुवैद्यकाने सांगितलेली मुदत संपेपर्यंत ते दूध डेअरीत न घालणे, हाच खरा उपाय होय. ग्रामसभेत आणि शाळेत ही गोष्ट आवर्जून सांगितली जावी.