‘आस्क’ आणि त्याचा गोतावळा



तालुक्याच्या कॉलेजात मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. पहिल्याच वर्षी एका मुलाचा रजेचा अर्ज हाती आला. बहिणीचं लग्न होतं, दोन दिवसांची सुटी हवी होती. मुलगा इतका भिडस्त, की कागद टेबलावर ठेवून दोन पावलं मागे जाऊन उभा राहिला. कागदावर मात्र लिहिलं होतं, ‘आय डिमांड टू डेज लीव्ह.’ शब्दकोशात ‘मागणे’समोर त्याला दोन-तीन क्रियापदं सापडली होती. ‘आस्क’ त्याला फारच साधं वाटलं, अर्जाला शोभणार नाही असं. म्हणून त्यानं वजनदार शब्द उचलला.

‘डिमांड’ म्हणजे हक्कानं, नकार ऐकून घ्यायची तयारी न ठेवता मागणं. हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ आजही नुसतं विचारणं, मागणं एवढाच आहे. इंग्रजीत तो कायद्याच्या भाषेत रुळला आणि त्याला हक्काची धार चढली. आपली ‘मागणी’ मोर्चातही असते, बाजारातही असते आणि मुलीला मागणी घालायला गेलेल्या घरच्यांच्या तोंडीही असते. तिथे आवाज किती मऊ असतो! या तिसऱ्या ठिकाणी इंग्रज ‘डिमांड’ चुकूनही म्हणणार नाही. तो ‘आस्क’च म्हणेल. आणि माझ्या विद्यार्थ्याला हवा होता तो शब्द ‘रिक्वेस्ट’, म्हणजे विनंती.

समानार्थी शब्द समान नसतात, हे मला आज सांगायचं आहे. विचारणारा कोण, ज्याला विचारायचं तो कोण, आणि दोघांमध्ये अंतर किती, यावर शब्द ठरतो. ‘आस्क’, ‘क्वेश्चन’, ‘इंटरॉगेट’ हे त्रिकूट घ्या. ‘आस्क’ हा मूळ इंग्रजी, घरातला शब्द. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात आणि न्यायालयात फ्रेंच आली, आणि तिच्याबरोबर ‘क्वेश्चन’ आला. ‘इंटरॉगेट’ पंडितांनी थेट लॅटिनमधून घेतला. आई मुलाला ‘आस्क’ करते. एखाद्याच्या म्हणण्यावर शंका घ्यायची तर त्याला ‘क्वेश्चन’ करतात. पोलीस संशयिताला समोर बसवून ‘इंटरॉगेट’ करतात. तीन शब्द, तीन खोल्या.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. ‘मागणं’ प्राकृतातून आपल्याकडे चालत आलं, ‘याचना’ थेट संस्कृतातून घेतली, आणि ‘अर्ज’ हा अरबी शब्द फारसी कारभाराबरोबर आला. शेजारणीकडे आपण विरजण मागतो. तिच्याकडे विरजणासाठी अर्ज केला तर ती घाबरेल. हा विवेक आपल्या कानाला उपजत आहे. इंग्रजी बोलताना आपण तो घरी ठेवून निघतो, याचं मला वाईट वाटतं.

‘आस्क’च्या उच्चाराबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अमेरिकेतले अनेक कृष्णवर्णीय आणि कॅरिबियन बेटांवरचे लोक ‘आस्क’ला ‘ॲक्स’ म्हणतात, आणि त्यासाठी त्यांची टिंगल होते. पण जुन्या इंग्रजीत ही दोन्ही रूपं शेजारी-शेजारी नांदत होती. इंग्रज कवी चॉसरच्या लेखनात ‘ॲक्स’ आहे. 1535 साली छापलेल्या कव्हरडेलच्या बायबलातही तेच रूप आहे. आपल्याकडे गावाकडचा माणूस ‘नुकसान’ला ‘नुसकान’ म्हणतो, तिथे ‘क’ आणि ‘स’ यांनी अशीच जागा बदलली आहे. ‘नुसकान’ म्हणणाऱ्या मुलाला वर्गात हसणारे शिक्षक मी पाहिले आहेत. शिक्षकानं तरी तसं करू नये.

‘आस्क’ या शब्दाचं मूळ खणत गेलं, की माणूस आपल्याच अंगणात येतो. ‘आस्क’ आणि आपली ‘इच्छा’ एकाच मुळाची. म्हणूनच माहिती हवी असली तरी ‘आस्क’ आणि वस्तू हवी असली तरी ‘आस्क’, फक्त वस्तूच्या वेळी पुढे ‘फॉर’ लागतो. ‘आस्क द प्राइस’ म्हणजे किंमत विचार, ‘आस्क फॉर द बिल’ म्हणजे बिल माग. मराठीनं ही दोन कामं वेगळी केली. ‘विचारणं’ विचारातून निघालं, ‘मागणं’ शोध घेण्याच्या अर्थाच्या संस्कृत धातूतून. जाता जाता एक खोड सांगतो. ‘त्याला विचार’ मधला ‘ला’ आपल्या जिभेवर असतो, म्हणून आपण ‘आस्क टू हिम’ म्हणतो. तो ‘टू’ तिथे नको.

‘एन्क्वायर’ म्हणजे चौकशी. रेल्वे स्थानकावर त्या पाटीखाली आपण गाडीची वेळ विचारतो. पण कचेरीत कोणी हळूच म्हणालं, ‘त्यांची चौकशी लागलीय’, की ऐकणाऱ्याचा घास अडतो. शब्द तोच असतो. फक्त खिडकीच्या कोणत्या बाजूला आपण उभे आहोत, ते बदललेलं असतं.

आणि मराठीतलं ‘विचारणं’ किती मोठ्या मनाचं आहे ते पाहा! ‘कुणी साधा चहा विचारला नाही’ यात प्रश्न नाही, आतिथ्य आहे. ‘आता मला कोण विचारतं?’ असं ओसरीवर बसलेली आजी म्हणते, तेव्हा तिला कुणी प्रश्न विचारायला नको असतो, कुणी जवळ यायला हवं असतं. इंग्रजी ‘आस्क’लाही हा ओलावा आहे. ‘आस्क हिम इन’ म्हणजे त्याला आत बोलाव. ‘शी वॉज आस्किंग आफ्टर यू’ म्हणजे ती तुमची विचारपूस करत होती.

‘विचारपूस’ या शब्दात दोन क्रियापदं मांडीला मांडी लावून बसली आहेत. दुसरं आहे ‘पुसणे’. विचारणे या अर्थाचा हा जुना मराठी शब्द संस्कृत ‘प्रच्छ्’ धातूतून आला. हिंदीतलं ‘पूछना’ त्याचं भावंड, जर्मनांचं ‘फ्रागेन’ दूरचं नातलग, आणि इंग्रजीतलं ‘प्रे’, म्हणजे प्रार्थना करणं, तेही त्याच कुळातलं. शहरात ‘पुसणे’ आता फळ्याला आणि फरशीलाच उरलं आहे. विचारण्याचं पुसणं राहिलं ते विचारपुशीत, आजाऱ्याच्या खाटेशी बसून ‘आता बरं वाटतंय का?’ म्हणणाऱ्या माणसापाशी.