गोऱ्हा, वळू आणि विकण्याचा हक्क



कापसाच्या भावावर दुपारी बोलू. आता दावणीवर.

गावचा वळू कोण ठरवतो? घरचा उमदा, भराभर वाढणारा गोऱ्हा आपण खच्ची करून औताला जुंपतो. कुणालाच नको असलेला मोकाट फिरतो आणि गावच्या गायी त्याच्यापासून गाभण राहतात. निवड आपणही करतो, फक्त उलटी! एका कळपातल्या वासरांच्या वाढीत जो फरक दिसतो, त्यातला साधारण तिसरा हिस्सा रक्तातून येतो. तो आपण दरसाल वाऱ्यावर सोडतो.

आंध्रातला ओंगोल एकोणिसाव्या शतकापासून १९६२ पर्यंत टप्प्याटप्प्याने ब्राझीलला गेला. नेल्लोर जिल्ह्यावरून तिथे त्याला नेलोर म्हणतात. आपल्या वर्ध्याकडची गवळाऊ दिसायला त्याच्याच जवळची. ऊन, गोचीड, हलका चारा सोसणारे हे जनावर तिथल्या लोकांनी मांसासाठी घडवले. वासरांची वजने ठरल्या वयाला नोंदायची, कुणाची वासरे पुढे जातात ते पाहायचे आणि त्याच वळूचे वीर्य पसरवायचे. आज तिथल्या मांसाच्या गुरांत बहुतांश हेच रक्त आहे.

मांसाचा मऊपणाही काही अंशी रक्तातच. वशिंडाच्या जातींत कॅल्पास्टॅटिन नावाचे प्रथिन जोरात असते. जनावर कापल्यावर स्नायू सैल करणाऱ्या विकराला ते अडवते, म्हणून मांस चिवट. ब्राझीलवाले अँगसशी संकर करून ते सुधारतात. हव्यासही बघा. बेल्जियमच्या ब्लू जातीत स्नायूंना आवर घालणारे जनुकच बिघडलेले आहे, हे १९९७ साली सापडले. मांस भरपूर, पण बहुतेक गायींचे पोट फाडून वासरू काढावे लागते. असली जात आपल्याला नको.

शेतकी कॉलेजात आम्ही हे सारे शिकलो. व्यवहार तिथे कुणी शिकवला नाही. निवड म्हणजे चार ठेवणे आणि सहा विकणे. १९७६ च्या कायद्यात गाय होती. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळूही आले. म्हातारा बैल विकून नव्या जोडीत पैसे पडायचे, ते बुडाले. ज्याला खायचे नाही त्याने खाऊ नये, आमच्यातलेही पुष्कळ खात नाहीत. पण थकल्या बैलाच्या कडब्याचे पैसे कोण देणार? २०१२ साली राज्यात गाय-बैल १ कोटी ५५ लाख होते, २०१९ साली १ कोटी ४० लाख. ट्रॅक्टरही कारण आहे, मान्य. पण शेवटी ज्याला मोलच नाही, तो गोऱ्हा कोण वाढवील?

कायद्याशी भांडूच. तोवर गावातला एक चांगला गोऱ्हा खच्ची न करता वळू म्हणून ठेवा आणि तीन वर्षांनी शेजारगावाशी बदला, नाहीतर बाप लेकीवर जाईल. वासरू वर्षाचे झाले की टेप लावा. छातीचा घेर इंचात, घेर गुणिले घेर, गुणिले खांद्याच्या टोकापासून कुल्ल्याच्या हाडापर्यंतची लांबी, भागिले ६६०. अंदाजे किलो निघतात. वजनापुढे बापाची खूण लिहा. पुढच्या बैठकीला वह्या घेऊन या.