पट आणि पंगत



मुख्याध्यापक निमंत्रण घेऊन घरी आले तेव्हा जाता जाता एक काम सांगून गेले. म्हणाले, "यंदा आसपासच्या वाड्यांवरच्या चौथी आणि सातवीच्या पोरांना आईवडिलांसकट बोलावलंय. त्यांना आपल्या शाळेची ओळख करून द्या." मी म्हटलं, "शाळा तुमची, तुम्हीच सांगा की." तर म्हणाले, "आम्ही सांगितलं की जाहिरात वाटते." त्यांचं बरोबर आहे. म्हणून आजचं माझं भाषण मुख्यतः मांडवाच्या उजव्या बाजूला सतरंजीवर बसलेल्या त्या पाहुण्यांसाठी. बाकीच्यांनी थोडी कळ काढावी.

कराडहून इकडं येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना फलक लागलेत. टाय लावलेली मुलं, प्रत्येक चेहऱ्याखाली टक्के, आणि कोपऱ्यात 'प्रवेश सुरू'. आईबापांनी शाळा निवडायची ती बहुतेक या फलकांवरूनच. त्यात तुमचा दोष नाही, कारण दुसरं काही कोणी दाखवतच नाही. पण त्या फलकावर एक गोष्ट कधीच लिहिलेली नसते. ही मुलं शाळेत आली तेव्हा कशी होती? आणि ज्यांना दारातूनच परत पाठवलं ती किती होती?

निवड करून मुलं घेणाऱ्या शाळांना मी नावं ठेवत नाही. देशातली पहिली सैनिक शाळा आपल्या साताऱ्यात आहे, २३ जून १९६१ ला सुरू झालेली. २०२१ पासून तिथं मुलींनाही प्रवेश आहे. सातारा जिल्ह्याचं नवोदय विद्यालय खावलीला, सांगली जिल्ह्याचं पलूसला. तिथं राहणं, जेवण, शिक्षण मोफत. तुमच्या मुलाची तयारी असेल तर परीक्षेला जरूर बसवा, नंबर लागला तर पेढे वाटा. पण नवोदयच्या सहावीच्या वर्गात जागा असतात साधारण ऐंशी. जिल्ह्यातली बाकीची सहावीची पोरं कुठं जाणार? ती अशा शाळेत येणार, जिच्या दारावर चाळणी नाही. निवडून घेतलेल्या ऐंशीजणांचा निकाल शंभर टक्के लागला तर त्याचं कौतुक करावंच, पण आलेल्या प्रत्येकाला घेऊन जी शाळा निम्म्याशिम्म्या पोरांना दहावीच्या पलीकडं पोचवते तिच्या कौतुकाला कोणी फलक लावत नाही.

आता थोडं जुनं सांगतो. सातारच्या जुन्या राजवाड्यात भरणाऱ्या शाळेचं, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलचं, एक रजिस्टर जपून ठेवलेलं आहे. त्यात ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला, १९१४ या क्रमांकावर, इंग्रजी पहिलीत दाखल झालेल्या एका मुलाचं नाव आहे: भिवा रामजी आंबेडकर. हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. तुमच्याही शाळेत पाळत असतील, भाषणं होत असतील. पण त्या भाषणांत पुढची गोष्ट बऱ्याचदा राहून जाते. बाबासाहेबांनी सातारच्या त्या दिवसांबद्दल स्वतः लिहून ठेवलंय की वर्गात इतरांबरोबर बसता येत नसे. कोपऱ्यात वेगळं बसायचं, बसायला गोणपाट. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही, शिपायानं नळ उघडला तर पाणी मिळणार, शिपाई नसेल तर नाही. म्हणजे पटावर नाव होतं. वर्गात जागा नव्हती.

आणि त्याच साताऱ्यात, १९२४ च्या सुमारास, एका माणसानं वसतिगृह चालवायला घेतलं. तिथं मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, रामोशी अशा सगळ्यांची पोरं एका चुलीवरचं अन्न एका पंगतीत खात होती. तो माणूस आपल्याच भागातला. भाऊराव पाटील जन्मले कुंभोजला, २२ सप्टेंबर १८८७ ला, पण घराणं ऐतवडे बुद्रुकचं. कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आले, परत आल्यावर अंघोळ करा असं सांगितलं गेलं, यांनी साफ नकार दिला, आणि बोर्डिंग सुटलं. मॅट्रिक काही झाले नाहीत. पुढं ओगले, किर्लोस्कर, कूपर या कारखान्यांसाठी कामं केली. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव हिंडले. मला नेहमी वाटतं की त्यांच्या रयत शिक्षण संस्थेची खरी तयारी त्या हिंडण्यात झाली. नांगर विकणाऱ्याला दारातून आत घेतात. कुठल्या घरात पोरगं हुशार आहे, कुठल्या घरात चूल पेटत नाही, हे त्याला तिथंच दिसतं.

१९१० च्या आसपास दुधगावला त्यांनी मित्रांबरोबर सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. तेव्हा सांगली जिल्हा नव्हताच, आपला वाळवा तालुका सातारा जिल्ह्यातच होता. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ मध्ये आणि त्याचं नाव सांगली झालं १९६० मध्ये. त्यामुळं रयत साताऱ्याची की सांगलीची यावर कोणी पैज लावू नये.

सातारच्या वसतिगृहाला २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. समारंभ झाला, फोटो झाले असतील, पण दुसऱ्या दिवशी पोरांना खायला लागतंच. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने आणि शेवटी मंगळसूत्रसुद्धा त्यासाठी मोडलं. १९३० मध्ये त्या गेल्या. आज मंचावर बसलेल्या आम्हा लोकांना हार घालताना हे आठवलं तरी पुष्कळ झालं.

१९४० मध्ये साताऱ्याला महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं. फी नाही, पोरांनी शेतात, बांधकामावर राबायचं आणि त्यातून शिकायचं. 'कमवा आणि शिका' हे आपण भिंतीवर रंगवतो ते तिथं रोज घडत होतं. १९४७ ला निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजातही हीच रीत होती, आणि आपल्या ढवळीचे एन. डी. पाटील तरुणपणी तिथं प्राध्यापक असताना या योजनेचे प्रमुख होते. आता मी हे सांगतोय म्हणून कोणी पाचवीच्या पोराला उद्यापासून भांगलायला नेऊ नये. त्या वेळी दुसरा इलाज नव्हता. आज आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत मिळणं हा मुलाचा कायद्यानं हक्क आहे.

रयतच्या आज सातशेच्या वर शाखा आहेत, त्यांत बहुतेक माध्यमिक शाळा. ही तुमची शाळा त्यांतली एक. तिला वेगळी ओळख लागत नाही, पण तिची परीक्षा घ्यायचा अधिकार तुम्हाला आहे, आणि ती कशी घ्यायची एवढंच मी सांगणार आहे.

आधी पोरांशी बोलतो. चौथीतल्या आणि सातवीतल्या बाळांनो, तुमच्या गावच्या शाळेत एक गुरुजी किंवा एक बाई सगळं शिकवत होते. इथं तास संपला की घंटा होणार आणि दुसरे सर येणार. गणिताला वेगळे, मराठीला वेगळ्या. पहिले दोन महिने गोंधळ होईल, मग सवय होईल. सर मारतील अशी भीती वाटते का? कायद्यानं शाळेत मारायला बंदी आहे. इथं बसलेल्या सरांनाही ते माहीत आहे, बघा, मान डोलावतायत. सेमी इंग्रजीचा वर्ग आहे, नाही घेतला तर कमीपणा नाही. माझं मत विचाराल तर विज्ञान कुठल्या भाषेत आहे यापेक्षा ते मराठीत समजावून सांगणारे सर आहेत का हे जास्त महत्त्वाचं. आणि मुलींनो, पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावानं. लांबच्या वाडीवरची आहे म्हणून हिला सातवीतूनच काढतो, असं घरी कोणी म्हणालं तर हा पास दाखवा. सावित्रीबाई आपल्या सातारा जिल्ह्यातल्याच, खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. हेही सांगा.

आईबापांना: आठवीत 'एनएमएमएस' नावाची शिष्यवृत्ती परीक्षा असते. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या आणि गुणवत्ता यादीत आलेल्या मुलांना नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये थेट खात्यावर येतात. बरेच पालक फॉर्मच भरत नाहीत, कारण त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. मुख्याध्यापक, हे नोटीस बोर्डावर नको, घरोघरी जाऊन सांगा. नोटीस बोर्ड वाचणारा माणूस मी फार थोड्या वेळा पाहिलाय.

आता परीक्षा. शाळा बघायला आलात की मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा घेऊन परत जाऊ नका. प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप गंजलंय का बघा. ग्रंथालयाच्या रजिस्टरवर मागच्या आठवड्यात किती पुस्तकं गेली ते विचारा. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का हे आईनं स्वतः जाऊन बघावं. दुपारच्या सुट्टीत या. आठवीपर्यंतच्या मुलांना पोषण आहार मिळतो. खिचडीची चव बघायची असेल तर बघा, पण त्याआधी पंगत बघा. कोण कोणाशेजारी बसलंय? कोण लांब बसलंय?

आणि एक गोष्ट मी आवर्जून बघतो. आत्ता ऊसतोडीचा हंगाम सुरू आहे. दिवाळीनंतर बीडकडच्या, मराठवाड्यातल्या टोळ्या इकडं आल्यात. कृष्णाकाठी ऊस पडतोय, गाड्या भरून कारखान्याला चालल्यात. फडाच्या कडेला कोप्या पडल्यात आणि त्या कोप्यांत पाचवीच्या, सातवीच्या वयाची पोरं आहेत. पहाटे आईबाप फडात गेल्यावर धाकट्या भावंडाला सांभाळणारी पोरगी बहुतेक दहा-बारा वर्षांची असते. तिचं नाव कुठल्यातरी लांबच्या शाळेच्या पटावर आहे आणि ती आहे इथं. एप्रिलपर्यंत ती इथंच असणार. तुमची शाळा तिच्या कोपीपर्यंत गेली का?

दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही, मधेच आलीय, चार महिन्यांत जाणार, ही सगळी कारणं मी ऐकलेली आहेत. आठवीपर्यंत यातलं एकही कारण कायद्यात चालत नाही. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही, आणि मुलाला त्याच्या वयाला साजेल त्या वर्गात बसवायचं असतं. कायद्याचा धाक हा माझा मुख्य मुद्दा नाही, पण काही लोकांना त्याशिवाय ऐकू येत नाही.

पालकांपैकी काहींच्या मनात येईल की टोळीची पोरं वर्गात आली तर आमच्या पोरांचं नुकसान होईल. हे कोणी उघड बोलत नाही, पण मनात असतं. विट्याकडची, आटपाडीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पसरलीत. पार केरळपासून बंगालपर्यंत आपल्या जिल्ह्यातली पोरं परक्या भाषेच्या शाळेत बसलीत. तिथल्या पालकांनी आपल्या पोरांबद्दल असंच म्हटलं तर आपल्याला कसं वाटेल?

म्हणून माझं मत सरळ सांगतो. या शाळेच्या पटावर फडावरची पोरं असतील आणि ती तुमच्या पोराच्या बाकावर, तुमच्या पोराच्या पंगतीत बसत असतील, तर ही शाळा तुमच्या पोरालाही नीट सांभाळेल. ते पोरगं अभ्यासात मागं पडलं, घरात अडचण आली, बाप आजारी पडला, तरी शाळा त्याला सोडणार नाही. ती पोरं इथं नसतील, तर मुख्याध्यापकांना कारण विचारा. आणि उत्तर समाधानकारक नसेल तर पुन्हा विचारा.

मुख्याध्यापकांकडं माझं मागणं एवढंच. सोमवारी दोन शिक्षक आणि गावचा एक जाणता माणूस असे तिघं प्रत्येक फडावर जा. मुकादमाशी बोला, त्याच्याशी भांडू नका, यादी करा, आणि जी पोरं सापडतील त्यांना त्याच आठवड्यात वर्गात बसवा. एप्रिलमध्ये टोळ्या परतायला लागल्या की प्रत्येक पोराच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे गावाकडच्या शाळेत त्याचं वर्ष बुडणार नाही. आणि नव्या पालकांना विनंती, जूनमध्ये प्रवेशाला याल तेव्हा टक्केवारी विचारायच्या आधी हे काम झालं का ते विचारा.